मुदत नसलेला करार

बाल्कन प्रदेशातल्या माँटेनिग्रो या देशाची लोकसंख्या नागपूर शहराच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढी आहे. 21 मे 2006 रोजी तिथल्या मतदारांना एकच प्रश्न विचारण्यात आला: सर्बियाबरोबरच्या संयुक्त राज्यातून बाहेर पडून स्वतंत्र व्हायचे की नाही? नुसते बहुमत चालणार नाही, 55 टक्के मते पडली तरच स्वातंत्र्य मान्य करू, अशी युरोपीय संघाची अट होती. मतदान सुमारे साडेशहाऐंशी टक्के झाले आणि स्वातंत्र्याच्या बाजूने साडेपंचावन्न टक्के मते पडली. अटीपेक्षा जास्तीची मते दोन हजारांच्या आसपास. महापालिकेच्या निवडणुकीत एखादा प्रभागसुद्धा कधीकधी याहून मोठ्या फरकाने जिंकला जातो. 3 जूनला पॉडगोरिकातल्या संसदेने स्वातंत्र्य जाहीर केले, 28 जूनला तो देश संयुक्त राष्ट्रांचा 192 वा सदस्य झाला. युगोस्लाव्हियाच्या ज्या विघटनात बोस्नियाची राखरांगोळी झाली, त्याच विघटनातला हा एक तुकडा मतपेटीतून वेगळा झाला.

विदर्भावरच्या प्रकरणात ही गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. सार्वभौम देश होणे आणि भारतीय संघराज्यात आणखी एक राज्य होणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि कडव्यातल्या कडव्या विदर्भवाद्यानेही भारताबाहेर पडण्याची भाषा कधी केलेली नाही. हे अंतर मान्य करूनच तुलना करायची आहे. एक छोटा प्रदेश मोठ्या प्रदेशाबरोबर काही आश्वासनांवर नांदायला तयार होतो. पुढे नांदणे जमले की नाही हे ठरवायचे कोणी, आणि कधी? माँटेनिग्रोपाशी या प्रश्नाचे लेखी उत्तर होते. विदर्भापाशी नव्हते. विदर्भाचे राज्य का झाले नाही याची दोन उत्तरे आपल्याकडे रूढ आहेत. पश्चिम महाराष्ट्राने फसवले, असे नागपुरात म्हणतात; विदर्भाच्या पुढाऱ्यांत दम नव्हता, असे पुण्या-मुंबईत म्हणतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरे माणसांच्या नियतीकडे बोट दाखवतात, कागदाकडे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की, विदर्भाचा प्रश्न हरला तो करारांच्या रचनेत. 1947 पासून विदर्भाने जे जे करार केले, त्यांत काय मिळेल हे लिहिले होते. न मिळाल्यास काय, आणि ते कधी तपासायचे, हे लिहिले नव्हते.

माँटेनिग्रोलाही हे शहाणपण सुखासुखी आले नाही. 1878 च्या बर्लिन करारात त्याचे स्वातंत्र्य युरोपातल्या बड्या सत्तांनी मान्य केले होते, 1910 मध्ये ते राजा निकोलाचे राज्य झाले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीने देश व्यापला, राजा परागंदा झाला आणि नोव्हेंबर 1918 मध्ये पॉडगोरिकात घाईने भरवलेल्या सभेने राजघराणे पदच्युत करून सर्बियात विलीनीकरणाचा ठराव केला. सर्बियन सैन्य तेव्हा देशात तळ ठोकून होते. या ठरावात अट नव्हती, मुदत नव्हती, परतीचा रस्ता नव्हता. विरोधकांनी जानेवारी 1919 मध्ये बंड केले, ते मोडून काढण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर टिटोच्या युगोस्लाव्हियात माँटेनिग्रोला प्रजासत्ताकाचा दर्जा मिळाला. मार्च 1992 मध्ये सार्वमत झाले तेव्हा सुमारे 96 टक्के मते युगोस्लाव्हियात राहण्याच्या बाजूने पडली. विरोधकांच्या मोठ्या गटाने बहिष्कार टाकला होता हे खरे, तरी स्वातंत्र्याची लाट त्या वेळी नव्हती. पुढच्या दहा वर्षांत युद्ध, निर्बंध, सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्याशी भांडण आणि 1999 मध्ये स्वीकारलेले जर्मन मार्काचे चलन यांनी चित्र पालटले. युरोपीय संघाला मात्र नव्या सीमा नको होत्या. संघाच्या वतीने हावियर सोलाना यांनी मध्यस्थी करून मार्च 2002 मध्ये बेलग्रेड करार घडवून आणला आणि त्यातून 2003 मध्ये ‘सर्बिया आणि माँटेनिग्रो’ हे सैलसर संयुक्त राज्य जन्माला आले. त्यात एक कलम होते: तीन वर्षांनंतर दोघांपैकी कोणालाही सार्वमत घेऊन बाहेर पडता येईल. सोलानांनी ते वेळ मारून नेण्यासाठी मान्य केले असावे. तीन वर्षांत लोक विसरतील, असा हिशेब. तो चुकला, कारण कागदावर तारीख होती आणि तारीख कोणाला विसरू देत नाही.

आता विदर्भ. हा प्रदेश राजकीयदृष्ट्या एकसंध नव्हता. वऱ्हाड निजामाचे होते. 1853 मध्ये त्याने ते कंपनीच्या हवाली केले. नागपूर भोसल्यांचे, तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये वारले आणि औरस वारस नाही म्हणून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, आणि 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार त्या प्रांताला जोडण्यात आला. म्हणजे आज ज्याला आपण विदर्भ म्हणतो तो एका छताखाली आला ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. आणि त्या छताखाली जबलपूर-रायपूरकडचा हिंदी भाषक महाकोशलही होता. 1920 च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हा मध्य प्रांताचा मराठी भाग, हिंदी भाग आणि वऱ्हाड यांच्या तीन वेगळ्या समित्या झाल्या. 1938 मध्ये नागपूरचे ना. भा. खरे यांना मुख्य मंत्रिपद सोडावे लागून महाकोशलचे रविशंकर शुक्ल आले, तेव्हा मराठी-हिंदी तेढ चव्हाट्यावर आली. त्याच वर्षी प्रांताच्या विधिमंडळाने महाविदर्भाचा वेगळा प्रांत करावा असा ठराव केला. त्या ठरावाची तक्रार हिंदी भाषक महाकोशलाविरुद्ध होती. मुंबईविरुद्ध मुळीच नव्हती. आज हे आठवले की अनेकांना आश्चर्य वाटते.

महाकोशलापासून सुटायचे तर दोन वाटा होत्या: स्वतंत्र राज्य, नाही तर मराठी भाषकांचे एक मोठे राज्य. दुसऱ्या वाटेवर विदर्भातल्या नेत्यांना ओढण्यासाठी जे करार झाले त्यांतला पहिला ऑगस्ट 1947 मधला अकोला करार. त्यात एका संयुक्त राज्याखाली पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, त्यांना स्वतःची विधिमंडळे, अशी योजना होती. ती कागदावरच राहिली. दुसरा आणि महत्त्वाचा, 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, गोपाळराव खेडकर प्रभृतींच्या त्यावर सह्या आहेत. त्यात उपप्रांत गेले आणि वाटा आला: निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात प्रमाणशीर जागा, उच्च न्यायालयाचे नागपुरात पीठ, सरकारने ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवायचा आणि वर्षातून निदान एक अधिवेशन तिथे घ्यायचे. सहा वर्षांत मागणी केवढी उतरली पाहा. अकोल्यात सत्तेची वाटणी होती, नागपुरात लाभांची झाली.

आणि हे सारे विदर्भाचा हात वरचढ असताना घडत होते. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 30 सप्टेंबर 1955 रोजी अहवाल दिला. त्यात नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा या आठ जिल्ह्यांच्या, सुमारे 76 लाख लोकसंख्येच्या विदर्भ राज्याची स्पष्ट शिफारस होती. हा प्रदेश स्वतःच्या उत्पन्नावर उभा राहू शकतो, असे आयोगाचे मत होते. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी आयोगापुढे याचीच बाजू मांडली होती. पण 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ गेला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात, गुजरात आणि मराठवाड्याबरोबर. संसदेने ऐनवेळी योजना बदलली होती. त्याविरुद्धचा ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने सांगितले की, तिसऱ्या अनुच्छेदानुसार विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे एकदा मतासाठी पाठवले की पुरे. संसदेने पुढे त्यात बदल केला तर ते पुन्हा पाठवण्याची गरज नाही. भारतात राज्याची किल्ली दिल्लीत असते, हे तेव्हाच शिक्कामोर्तब झाले. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचे पानिपत केले, विदर्भ मात्र काँग्रेसच्या मागे राहिला. 1960 मध्ये महाराष्ट्र होताना विदर्भाला बाहेर ठेवणे काँग्रेसला परवडणारे नव्हते; आपल्या निष्ठेची ही किंमत विदर्भाने मोजली, असे मला वाटते.

1956 च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371(2) आला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे आणि राज्यपालांची विशेष जबाबदारी, अशी ती तरतूद. पण ‘राष्ट्रपती करू शकतील’ एवढेच तिचे बळ. मंडळे प्रत्यक्षात आली 1994 मध्ये, म्हणजे 38 वर्षांनी. दरम्यान वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये प्रादेशिक असमतोल मोजला: राज्याच्या सरासरीपर्यंत सगळे भाग आणायला सुमारे 3,187 कोटी रुपये लागतील, आणि त्या अनुशेषातला सुमारे 39 टक्के भाग विदर्भाचा. या आकड्याने विदर्भवाद्यांच्या हाती पुरावा दिला, तसेच त्यांच्या पायात बेडीही घातली. मागणी ‘आमचा कारभार आम्ही करू’ अशी होती. आता ती ‘आमचा अनुशेष भरा’ अशी झाली. अनुशेष भरण्याचे आश्वासन कोणतेही सरकार देऊ शकते, दर अर्थसंकल्पात देऊ शकते, आणि थोडाफार भरून दाखवू शकते. सिंचनाचा भरला तर रस्त्यांचा राहतो, एका वर्षाचा भरला तर दुसऱ्या वर्षी नवा साचतो. तक्रार कायम राहते, निर्णयाचा दिवस मात्र उगवत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप: लोकांनाच वेगळा विदर्भ नको असेल तर? विदर्भात विधानसभेच्या 62 जागा आहेत, आणि केवळ या प्रश्नावर निवडणूक लढवणाऱ्या पक्षांची तिथे वारंवार धूळधाण झाली आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निवडणुकीत मतदार कापसाचा भाव, उमेदवाराची जात, पक्ष, पाणी, रस्ता आणि राज्य या सगळ्यांचे एकच उत्तर देतो. त्यातून एका प्रश्नाचा कौल काढता येत नाही. प्रश्न ठळकपणे पुढे आला तेव्हा उत्तर वेगळे आले आहे. बापूजी अणे 1959 च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा 1962 मध्ये विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून लोकसभेवर गेले. 1971 मध्ये इंदिरा लाट ऐन भरात असताना जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकचे उमेदवार म्हणून नागपुरातून जिंकले. तेच धोटे 1980 मध्ये इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. ‘विदर्भवीरा’चा हा प्रवास पुढाऱ्यांविषयीच्या पुणेरी टीकेला बळ देतो, हे कबूल. तरी एक लक्षात घ्या: 1992 मध्ये माँटेनिग्रोने 96 टक्क्यांनी ‘राहू’ म्हटले आणि 14 वर्षांनी ‘जाऊ’ म्हटले. लोकमत बदलते. ते ठरावीक तारखेला थेट विचारल्याशिवाय कोणत्याही बाजूने गृहीत धरता येत नाही, विदर्भवाद्यांनीही नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. एक भाषा, एक राज्य, हे 106 हुतात्म्यांच्या रक्ताने मिळवलेले तत्त्व आहे, ते मोडायचे का? हा आक्षेप भावनेचा आहे म्हणून हलका नाही. पण याच वादात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1955 मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना सांगितले होते की, एका राज्याची एक भाषा असावी. एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे मुळीच नाही. मराठी मुलुखाची त्यांनी चार राज्ये सुचवली होती, त्यात पूर्व महाराष्ट्र हे एक. हिंदीची राज्ये किती आहेत हे सांगायला नको. शिवाय मराठी भाषकांच्याच शेजारी याचे जिवंत उदाहरण आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. महाराष्ट्रात अनेकांना वाईट वाटले, पण प्रश्न मिटला, आणि 1987 मध्ये गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. जो न्याय गोव्याला मिळाला तो सात वर्षे आधी विदर्भाला का मिळाला नाही, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

तिसरा आक्षेप विदर्भाच्या पोटातला आहे. वऱ्हाडाला नागपूरची राजधानी आपली वाटते का? गडचिरोलीच्या झाडीपट्टीला या भांडणात काय मिळणार? मागणीचा जोर नागपुरात, विशेषतः व्यापारी आणि वकील वर्गात जास्त, बुलढाण्यात कमी, ही टीका खोटी नाही. पण अंतर्गत एकमत ही राज्याची पूर्वअट असती तर जगात फार थोडी राज्ये झाली असती. 2003 च्या जनगणनेत माँटेनिग्रोतल्या सुमारे 43 टक्के लोकांनी स्वतःला माँटेनिग्रिन म्हटले आणि सुमारे 32 टक्क्यांनी सर्ब. एवढ्या फुटीतही प्रश्न सुटला, कारण फूट मोजण्याची रीत आधी ठरली होती आणि हरलेल्या बाजूनेही ती मान्य केली होती. 55 टक्क्यांची अट खरे तर हरणाऱ्यांच्या समाधानासाठीच होती.

चौथा आक्षेप हमखास येतो: मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस, इतके मुख्यमंत्री विदर्भाने दिले, वसंतराव तर 1963 ते 1975 सलग. मग तक्रार कसली? माझ्या मते हा आक्षेप उलट दिशेने जातो. मुंबईची गादी मिळण्याची शक्यता आहे म्हणूनच विदर्भातल्या कोणत्याही मोठ्या नेत्याने वेगळ्या राज्यासाठी आपले राजकारण पणाला लावले नाही. 1997 मध्ये भाजपने भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. 2000 मध्ये त्याच पक्षाच्या केंद्र सरकारने छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड केले, विदर्भ मित्रपक्ष शिवसेनेच्या विरोधापुढे मागे पडला. मित्रपक्षाबरोबरची युती 2014 मध्ये तुटली, तेव्हाही ठराव कपाटातच राहिला. काँग्रेसचे वसंत साठे आणि एन. के. पी. साळवे यांनी वेगळी चूल मांडली ती 2003 मध्ये, दिल्लीतली कारकीर्द मागे पडल्यावर.

तेलंगणाची कहाणी इथे फार बोलकी आहे. त्याच पुनर्रचना आयोगाने तेलंगणाचे (हैदराबादचे) राज्य वेगळे ठेवावे, आणि 1961 च्या सुमाराच्या सार्वत्रिक निवडणुकांनंतर त्याच्या विधिमंडळाने दोन-तृतीयांश मतांनी ठरवले तरच आंध्रात विलीन व्हावे, असे सुचवले होते. म्हणजे मुदत आणि मोजणी, दोन्ही. सरकारने ते डावलून फेब्रुवारी 1956 च्या ‘सभ्य माणसांच्या करारा’वर विलीनीकरण केले. नागपूर करारासारखाच तोही आश्वासनांचा, आणि तोही तसाच झिजला. फरक पुढे पडला. 2001 मध्ये स्थापन झालेल्या तेलंगण राष्ट्र समितीने कागदावर नसलेली मुदत रस्त्यावर निर्माण केली: राजीनामे द्यायचे, पोटनिवडणुका लढवायच्या, पुन्हा राजीनामे द्यायचे. समितीचे नेते चंद्रशेखर राव यांच्या उपोषणानंतर 9 डिसेंबर 2009 रोजी केंद्राला घोषणा करावी लागली. जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले आणि 2 जूनला राज्य झाले. महाराष्ट्राची विधानसभा कधीच संमती देणार नाही, म्हणून विदर्भ अशक्य, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

असे बाहेर पडण्याचे कलम सगळ्यांनाच दिले तर देशाचे शंभर तुकडे होतील, ही भीती उरते. देशाचे नव्हे, राज्यांचे. आणि तेही लोकांनी ठरवले तर. गोव्याच्या कौलाने भारत दुबळा झाला नाही. शिवाय अशा कलमाचा खरा उपयोग बाहेर पडण्यापेक्षा आत राहणाऱ्यांना होतो. दहा वर्षांनी हिशेब मतपेटीत होणार आहे हे माहीत असते, तर 1960 ते 1984 या काळात मुंबईच्या सरकारांनी अनुशेष एवढा साचू दिला नसता. विदर्भ कदाचित खुशीने महाराष्ट्रात राहिला असता, आणि हे पुस्तक लिहिताना या प्रकरणाची गरज पडली नसती.

नागपूर करारातले अधिवेशनाचे कलम अजून पाळले जाते, बहुतेक वेळा. 2020 आणि 2021 मध्ये हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. करारात तपासणीची तारीख नाही, पण 371(2) खाली नेमलेल्या विकास मंडळांना मात्र मुदत होती. वेळोवेळी वाढवलेली ती मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि त्या दिवशी ती पुढे वाढवण्यात आली नाही.